एक्स-रे क्लिअर, तरी पाय दुखतोच: पावलातलं स्ट्रेस फ्रॅक्चर ओळखायचं कसं आणि बरं करायचं कसं

पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे, एका ठरावीक जागी दुखतं. पाय मुरगळलेला नाही, पायावर काही पडलेलं नाही. एक्स-रे काढला तर तोही क्लिअर. मग 'मुका मार असेल' असं ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला जातो, नाहीतर नेहमीची लोकल पकडायला पळतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, नाही हे सिद्ध होईपर्यंत त्या पायावरचा भार काढा. सुरुवातीला ओळखलं तर बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांत प्रश्न सुटतो. रेटत राहिलात तर बारीक तड्याचं पूर्ण फ्रॅक्चर होतं, आणि मग गोष्ट कधी कधी ऑपरेशनपर्यंत जाते.

हे होतं कसं

हाड सतत स्वतःची डागडुजी करत असतं. झिजलेला भाग आधी पोखरून काढला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीनेक महिने लागतात. भर पावसाळ्यात रस्ता खणून ठेवावा आणि त्याच रस्त्यावरून बेस्टच्या बसगाड्या चालू ठेवाव्यात, तशी अवस्था मधल्या काळात हाडाची असते. म्हणून व्यायाम अचानक वाढवला की पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही. दुखणं साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोकं वर काढतं. तोवर आपण 'आता शरीराला सवय झाली' या समजुतीत असतो.

प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन १८५५ साली करून ठेवलं आहे. त्यामागे हाडाचा तडा आहे हे मात्र १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागल्यानंतरच कळलं. आजही याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. मार्च म्हणजे इथे सैनिकांची कूच.

मुंबईत ही कूच अनेक रूपांत दिसते. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी पावसाळा संपता संपता एकदम अंतर वाढवणारे लोक, शिर्डीच्या पदयात्रेला वर्षभर चालण्याची सवय नसताना निघणारे, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी ऑफिसला जाणाऱ्या बायका, गणपतीच्या आधी रोज रात्री ढोल बांधून उभी राहणारी पथकातली मुलं, बारा तास उभ्याने ड्युटी करणारे सिक्युरिटी गार्ड. आणि पोलीस भरतीची मुलं-मुली. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. जाहिरात निघाली की मैदान मिळेल तिथे, नाही मिळालं तर काँक्रीटच्या रस्त्यावर सराव सुरू होतो.

भांडुपकडच्या अशाच एका मुलीचं सांगते. आठवड्यातून तीनदा धावणारी ही मुलगी भरती जवळ आली तशी रोज, सकाळ-संध्याकाळ धावू लागली. बूट जुने, टाचेकडे एका बाजूने झिजलेले. 'कुठे दुखतं?' विचारल्यावर तिने अख्खा पंजा पावलावर ठेवला, 'इथे सगळीकडे.' मी म्हटलं, एकच बोट ठेव. ते बोट अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मागे, पावलाच्या मध्यावर थांबलं. मी तिथेच हलकं दाबलं तर तिने पाय झटकन मागे घेतला. आणि लगेच विचारलं, 'ताई, एक्स-रे तर क्लिअर आहे ना, मग धावू ना?' पुढे बोलताना कळलं की वजन कमी करायला तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि चार महिने पाळी आली नव्हती. तोवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. एमआरआयमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलला, म्हणजे त्याच बोटामागच्या लांबट हाडाला, तडा दिसला.

दुखण्याची चाल बघा

आधी फक्त धावताना, तेही शेवटी शेवटी दुखतं; थांबलं की जातं. मग सुरुवातीपासून दुखू लागतं. मग साधं चालताना, दादरचा पूल चढताना, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहिल्यावर. शेवटी रात्री अंथरुणात ठणका लागतो. हा चढता क्रम आठवून लिहून काढा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. टाचेखालच्या साध्या दुखण्यात, म्हणजे प्लांटर फॅसायटिसमध्ये, चाल बरोबर उलटी असते: सकाळी उठल्यावरची पहिली पावलं जीव घेतात आणि थोडं चालल्यावर सैल पडतं. स्ट्रेस फ्रॅक्चर चालण्याने सैल पडत नाही, वाढतं.

घरच्या घरी, एका बोटाने

खुर्चीवर बसा, दोन्ही पावलं उघडी करून उजेडात शेजारी शेजारी ठेवा. निरोगी पावलावर बोटांकडे जाणाऱ्या शिरा आणि दोरीसारख्या कंडरा स्पष्ट दिसतात. सूज असेल तर दुखऱ्या पावलावर त्या बुजलेल्या दिसतात. सूज थोडीच असते, जोडीने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

मग तर्जनीच्या टोकाने दाबत जा. आधी चांगला पाय दाबा, म्हणजे आपल्याला किती दाब सहन होतो ते कळतं. पायाच्या प्रत्येक बोटामागे घोट्याच्या दिशेने एक लांबट हाड जातं, त्याला मेटाटार्सल म्हणतात. बोटाच्या बेचक्यापासून सुरुवात करून एकेका हाडावरून इंच इंच मागे या. सर्वाधिक सापडणारी जागा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाटार्सलचा मधला ते पुढचा भाग.

नंतर पावलाचा सर्वांत उंच भाग, घोट्याच्या पुढे आणि जरा आतल्या बाजूला. इथे नॅव्हिक्युलर नावाचं हाड आहे. इथलं दुखणं फसवं असतं: सूज दिसत नाही, दुखतं ते 'कमानीत कुठेतरी' असं वाटतं, आणि काही दिवस विश्रांती घेतली की पूर्ण थांबतं, म्हणून महिनोन् महिने दुर्लक्ष होतं. धावपटूंनी आणि जोरात उड्या घेणाऱ्यांनी ही जागा मुद्दाम तपासावी.

पावलाच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवा. करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो. तो आणि त्याच्या किंचित पुढचा भाग दाबा. अंगठ्याच्या खाली चवड्यात वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, तीही दाबून पाहा. शेवटी टाच दोन्ही तळहातांत धरून दोन्ही बाजूंनी आवळा. आवळल्यावर कळ आली तर टाचेच्या हाडाचा संशय घ्यायचा. प्लांटर फॅसायटिसमध्ये टाचेच्या खाली, आतल्या बाजूला दाबल्यावर दुखतं.

एका पायावर उडी मारून पाहा, असा सल्ला मित्रमंडळींत दिला जातो. घरी हे करू नका. तडा असेल तर त्या उडीने तो पुढे सरकू शकतो.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये मुंग्या आणि जळजळ असेल, चप्पल काढून बोटं मोकळी केल्यावर बरं वाटत असेल, तर ती बहुधा नसेची तक्रार आहे. अंगठ्याच्या सांध्याशी रात्रीत लालबुंद सूज येऊन चादरीचा स्पर्शही नको वाटत असेल तर युरिक ॲसिडचा विचार आधी होतो. आणि मधुमेह असलेल्यांसाठी हे वेगळं सांगायलाच हवं: पाऊल सुजलंय, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागतंय, पण फारसं दुखत नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नसा बधिर झालेल्या पायात हाडं आतल्या आत मोडत राहतात आणि वेदना इशारा देत नाही. अशा पायावर चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

पहिले दोन दिवस

धावणं, उड्या, लांब चालणं आजपासून बंद. घरातही अनवाणी फिरू नका. ज्याचा सोल हाताने वाकवता येत नाही असा कडक तळाचा बूट किंवा सँडल घाला. बसताना पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ रुमालात गुंडाळून एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर बर्फही नको आणि गरम शेकही नको.

दुखणं थांबवायला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून रोज खाऊ नका. हाड भरण्यावर त्यांच्या परिणामाबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि वेदना झाकली गेली की माणूस पुन्हा चालायला लागतो, हा धोका तर उघडच आहे. जोरदार मालिश करून घेणं, हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं, 'नस बसवून' घेणं पूर्ण टाळा. वडीलधाऱ्यांनी प्रेमाने हळदीचा लेप लावला तर बिघडत काही नाही, पण लेप लावून पाय मोकळा समजू नका.

डॉक्टरकडे

हाडांच्या डॉक्टरकडे दोन-चार दिवसांत जा. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत हाडांची ओपीडी आहे. केस पेपरसाठी सकाळी लवकर पोचावं लागतं आणि रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या आणि रांगेत त्यांना उभं करा. सोबत रोजचे बूट किंवा चपला न्या. झिजलेला तळ बरंच काही सांगतो.

पुढच्या गोष्टी न विचारता सांगा: गेल्या दोन महिन्यांत चालणं-धावणं किती वाढलं, बूट किंवा जमीन बदलली का, आधी कधी हाड मोडलंय का, स्टेरॉइडच्या किंवा फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या बराच काळ चालू आहेत का, तंबाखू-सिगरेट आहे का. बायकांनी पाळीबद्दल आवर्जून सांगावं. शरीराला लागतं त्यापेक्षा कमी खाऊन जास्त व्यायाम केला की पाळी थांबते आणि हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधलं. मुलांमध्येही हे होतं, फक्त पाळीसारखी खूण नसल्याने कळत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांना साध्या चालण्यानेही असा तडा जाऊ शकतो. त्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे विचारावं.

आता एक्स-रेबद्दल. तडा केसाएवढा असतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो बऱ्याचदा दिसतच नाही. हाड भरू लागलं, भोवती नव्या हाडाचा ढगाळ गोळा आला, की मग एक्स-रेत खूण उमटते. म्हणून पहिला एक्स-रे क्लिअर आला तर दोन रस्ते आहेत (साधी जागा कुठली आणि धोक्याची कुठली, ते पुढे सांगते). दुखरी जागा साधी असेल, तर फ्रॅक्चर आहे असं धरून पाय जपायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. जागा धोक्याची असेल, किंवा लवकर निदान होणं गरजेचं असेल, तर एमआरआय. एमआरआयमध्ये तडा पडण्याआधीची हाडातली सूजही दिसते. 'एक्स-रे क्लिअर आहे, पण हाडावर एकाच जागी दुखतं. पुढे काय करायचं?' हे वाक्य डॉक्टरांसमोर असंच्या असं बोला.

कुठलं हाड, त्यावर सगळं

दुसऱ्या ते चौथ्या मेटाटार्सलचा मधला भाग आणि टाचेचं हाड हे त्यातल्या त्यात समजूतदार. रक्तपुरवठा चांगला, बहुतेक वेळा प्लास्टरचीही गरज लागत नाही. कडक तळाचा बूट किंवा वॉकिंग बूट (प्लास्टरऐवजी घालायचा, पट्ट्यांनी आवळायचा कडक आधाराचा बूट), आणि साधारण सहा ते आठ आठवडे.

नॅव्हिक्युलर, पाचव्या मेटाटार्सलच्या उंचवट्याच्या जरा पुढची जागा, दुसऱ्या मेटाटार्सलचा अगदी मागचा सांध्याजवळचा भाग, घोट्यातलं टॅलस आणि अंगठ्याखालची छोटी हाडं या धोक्याच्या जागा. इथे रक्त कमी पोचतं किंवा ताण सतत हाड उघडत राहतो, त्यामुळे तडा जुळत नाही. नॅव्हिक्युलरसाठी सहा ते आठ आठवडे पायावर अजिबात भार न देता प्लास्टर आणि कुबड्या, हा ठरलेला उपचार आहे. 'थोडं थोडं चाललं तर काय होतं' हे इथे चालत नाही. पाचव्या मेटाटार्सलच्या तड्यासाठी, विशेषतः खेळाडूंना, स्क्रू घालण्याचा सल्ला दिला जातो. ऑपरेशन सुचवलं तर घाबरून लगेच नाकारू नका. अशा हाडात ते अनेकदा खरंच वेळ वाचवतं. दुसऱ्या हाडतज्ज्ञाचं मत जरूर घ्या, पण तोवर पायावर भार नको.

भार काढायचा म्हणजे मुंबईत नेमकं काय

'विश्रांती घ्या' हे सांगायला सोपं आहे. विरार किंवा कल्याणहून रोज येणाऱ्याला घरातून निघून खुर्चीत बसेपर्यंत किती पावलं टाकावी लागतात, हे कागदावर मांडा. घर ते स्टेशन, पुलाचे जिने, डब्यात उभं राहणं, पुन्हा पूल, शेअर रिक्षाची रांग. मी रुग्णांना ही यादी करायलाच लावते, कारण व्यायाम थांबवूनही दुखणं थांबत नाही तेव्हा कारण बहुधा याच यादीत सापडतं. निम्मी पावलं कमी करण्याचं लक्ष्य ठेवा. आपल्या स्टेशनवर लिफ्ट किंवा सरकता जिना कुठल्या पुलावर आहे ते आधी पाहून ठेवा. साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून काही आठवडे घरून काम किंवा गर्दी टाळून यायची वेळ मागून घ्या. कुबड्या घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढू नका. धक्क्याने पडलात तर एकाचं दोन होईल. धावती गाडी पकडणं किंवा ती थांबण्याआधी उतरणं तर कायमचंच सोडा.

वॉकिंग बूट घातल्यावर तो पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते. दुसऱ्या पायात जाड सोलचा स्पोर्ट्स शूज घाला. पावसाळ्यात प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, पण घरी आल्यावर लगेच काढा, आत घाम साठतो. ओल्या फरशीवर कुबड्यांची रबरं घसरतात. रबर झिजलं असेल तर बदला. प्लास्टर किंवा बूट असताना पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. थेट इमर्जन्सीत जा.

साध्या जागेचा तडा असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता धावण्याचा व्यायाम करता येतो. पोहणंही चालतं, फक्त भिंतीला पाय मारून वळू नका. मांडी, कंबर, पोट यांचे बसून-झोपून करायचे व्यायाम पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

ताटात काय हवं

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत दीडशेच्या आसपास. पेलाभर दुधात दोनशेच्या वर. तीळ, दही, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी उत्तम. डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिनं पुरेशी घ्या, हाडाचा सांगाडा त्यांचाच असतो. हाड जुळत असताना डाएटिंग नको.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. अंधारात घर सोडणाऱ्या आणि अंधारात परतणाऱ्या माणसाला ऊन लागणार कधी? रक्त तपासा आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा ठरलेल्या आठवड्यांपुरतीच घ्या. शेजारणीने दिली म्हणून महिनोन् महिने घेतली तर तीही बाधते.

पुन्हा धावताना

आठवडे पूर्ण झाले एवढ्यावर धावू नका. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: हाडावर दाबल्यावर दुखत नाही, दिवसभराच्या नेहमीच्या चालण्याने दुखत नाही, आणि अर्धा तास भराभर चालून दुसऱ्या दिवशीही पाय शांत आहे. धोक्याच्या हाडांसाठी डॉक्टरांची परवानगी हवीच.

मग एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. एक दिवस आड. दोन-तीन वेळा निर्वेध झालं की धावण्याचं मिनिट वाढवा. अंतर, वेग आणि चढ यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. पेडर रोडच्या चढाचा सराव सगळ्यात शेवटी. सुरुवात शिवाजी पार्कच्या किंवा आझाद मैदानाच्या मातीवर करा, पण खड्डे-उंचवटे बघून. प्रियदर्शिनी पार्कसारखा सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर अधूनमधून दिशा बदला, एकाच बाजूला वळत राहिल्याने एका पायावर ताण येतो. धावताना किंवा पुढच्या २४ तासांत तीच जागा दुखली तर दोन दिवस थांबून आधीच्या पायरीवर या. पुन्हा दुखली तर डॉक्टरकडे.

पोटरीची ताकद या सगळ्याबरोबर वाढवावी लागते, कारण पोटरी थकली की भार थेट चवड्यावर येतो. भिंतीला हात टेकून टाचा उचला, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा न डगमगता जमलं की वेग वाढवायला हरकत नाही.

बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. नवीन जोडी चाचणीच्या किंवा शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. कमान फार सपाट किंवा फार उंच असेल तर आतल्या सोलची गरज आहे का हे तपासून घ्या. हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत असे सोल मापाने बनवले जातात. पदयात्रेला निघायचं असेल तर किमान दोन-तीन महिने आधीपासून, ज्या चपला-बुटांत जाणार त्याच घालून चालणं वाढवत न्या. आणि नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असेल, पण गेल्या वर्षभरात पावलात तडा गेला असेल, तर यंदा तो नेम देवघरापुरता ठेवा आणि बाहेर पडताना चप्पल घाला.